आयटूएच्या जागी काय ठेवायचे?

फलकावर विषय लिहिला गेला तेव्हा एका जुन्या मित्राने आम्हाला हळूच विचारले, "हे संगणकवाल्यांचे दुखणे, तुम्ही कशाला यात पडता?" प्रश्न रास्त आहे. आमची हयात तर्कशास्त्र शिकवण्यात गेली. पण संख्या वेगळी आणि संख्येची खूण वेगळी, हा भेद आमच्याच दुकानातला आहे. आणि एकाच्या जागी दुसरे बसवले की मूळचे काय उरते आणि काय जाते, हा प्रश्न तर आपल्याकडे दोन हजारांहून जास्त वर्षे चर्चेत आहे. तेव्हा थोडा हक्क आमचाही पोचतो.

आज समीक्षा करायची आहे ती एका सल्ल्याची. सल्ला एका ओळीचा: 'आयटूए चालत नसेल तर त्याच्या जागी एसप्रिंटएफ वापरा.' सी भाषेतला जुना प्रोग्रॅम एका कंपायलरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या बहुतेकांना हा कोणीतरी दिलेला असतो. याची भावंडे इतर भाषांतही आहेत. व्हिज्युअल बेसिकमधून सी-शार्पमध्ये जाताना सांगतात, 'स्ट्र'च्या जागी 'टूस्ट्रिंग' लिहा. कोबोलमधून जावामध्ये जाताना सांगतात, 'पिक्चर'च्या जागी 'डेसिमलफॉरमॅट' घ्या. डावीकडे जुने नाव, उजवीकडे नवे, असे तक्तेच मिळतात, आणि ते तक्ते पोटात घालून आपोआप रूपांतर करणारी साधनेही आहेत. आमचा आक्षेप आहे तो तक्त्याच्या मधल्या रेघेला. ती रेघ 'म्हणजेच' असे म्हणते, आणि ते 'म्हणजेच' आम्हाला मान्य नाही.

ज्यांनी प्रोग्रॅमिंग केलेले नाही त्यांच्यासाठी जरा थांबू. संगणकाच्या पोटात ४१७ ही संख्या चार, एक, सात अशी नसते. ती शून्य आणि एक या दोनच खुणांमध्ये साठवलेली असते. पडद्यावर किंवा कागदावर दाखवायची म्हटली की तिची अक्षरे करावी लागतात: चारचे अक्षर, एकचे अक्षर, सातचे अक्षर, आणि सी भाषेत, मजकूर इथे संपला हे सांगणारी शेवटची एक खूण. हे काम करणारे फंक्शन म्हणजे आयटूए. 'आय' म्हणजे इंटिजर, पूर्णांक. 'ए' म्हणजे आस्की, अक्षरांना क्रमांक देणारी जुनी अमेरिकन यादी.

ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांचे 'द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज' हे पुस्तक १९७८ साली आले. त्याच्या तिसऱ्या प्रकरणात आयटूए संपूर्ण लिहून दाखवले आहे. जेमतेम अर्ध्या पानाचा मजकूर, पण तो आम्हाला पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. संख्येला दहाने भागा, बाकी घ्या. ती बाकी म्हणजे शेवटचा अंक. पुन्हा भागा, पुन्हा बाकी. ४१७ मधून आधी सात निघतो, मग एक, मग चार. म्हणजे मजकूर उलटा तयार होतो, आणि शेवटी तो सरळ करायचा. प्राथमिक शाळेतल्या भागाकारावर हे सगळे भागते.

यात दोन जागा बघण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, लेखकांनी इथे 'आधी करा, मग तपासा' या जातीचा लूप वापरला आहे. का? शून्यासाठी! 'संख्या शून्याहून मोठी आहे तोवर अंक काढत राहा' असा साधा लूप लिहिला आणि संख्याच शून्य आली, तर लूप एकदाही फिरत नाही आणि मजकूर निघतो रिकामा. ज्याची शिल्लक शून्य त्याच्या पासबुकात काहीच छापले जात नाही. आता 'शिल्लक शून्य आहे' आणि 'शिल्लक सांगितलेली नाही' या दोन गोष्टी एकच आहेत का? आयटूए मिळाले नाही म्हणून घरच्या घरी लिहिलेल्या फंक्शनांत ही चूक हमखास सापडते. दुसरी जागा ऋण संख्यांची. सोळा बिटांच्या पेटीत −३२७६८ पासून ३२७६७ पर्यंतच्या संख्या बसतात. ऋण संख्या आली की तिचे चिन्ह बाजूला काढून, तिला धन करून भागाकार करायचा. पण −३२७६८ ला धन केले तर ती त्या पेटीत मावतच नाही! लेखकांना हे ठाऊक आहे. ते उघडपणे सांगतात की आमचे हे रूप सगळ्यात मोठ्या ऋण संख्येला पुरे पडत नाही, आणि दुरुस्ती वाचकाला स्वाध्याय म्हणून देतात. मर्यादा सांगून दिलेली वस्तू आम्हाला प्रामाणिक वाटते. पुढच्या तक्त्यांत हे आढळत नाही.

मग १९८९ साली अमेरिकेत सी भाषेचे प्रमाण रूप ठरले. त्यात एटूआय, म्हणजे मजकुराची संख्या करणारे फंक्शन आले. आयटूए आले नाही. त्या कामाला एसप्रिंटएफ हे मोठे, सर्वकामी फंक्शन होतेच. पण बोरलँडच्या टर्बो सी मध्ये आयटूए होते, मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्येही होते. आणि आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत तर टर्बो सीच्या त्या निळ्या पडद्यासमोर पिढ्या घडल्या. जगाने तो सोडल्यावरही आपण बरीच वर्षे सोडला नाही. त्या पडद्यावर शिकलेला मुलगा लिनक्सवर जीसीसी घेऊन बसतो, जुना प्रोग्रॅम चालवायला जातो, आणि यंत्र सांगते की आयटूए नावाचे इथे काही सापडत नाही. मग शेजारचा सल्ला देतो.

आता थोडे आमच्या प्रांतात येऊ. पाणिनीच्या व्याकरणात दोन शब्द आहेत, स्थानी आणि आदेश. ज्याची जागा घेतली जाते तो स्थानी, जो येऊन बसतो तो आदेश. मराठीतच बघा ना: 'जातो' म्हणतो आपण, पण भूतकाळात 'जाला' म्हणत नाही, 'गेला' म्हणतो. 'जा'च्या जागी 'गे' आला, तरी क्रियापद तेच. संस्कृतात 'अस्'च्या जागी काही ठिकाणी 'भू' येतो, आणि 'अस्' धातू होता म्हणून 'भू'लाही धातूचे सगळे प्रत्यय लागतात. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या पहिल्या पादात ५६ वे सूत्र आहे, ते याविषयीच आहे. आदेश हा स्थानीसारखा मानावा, असे ते सांगते. मात्र त्याच दमात एक अपवादही सांगते: जो विधी वर्णांवर अवलंबून आहे, तिथे असे मानू नये. 'दिव्' शब्दातल्या 'व्'च्या जागी 'औ' येतो. आता 'औ'ला मूळच्या 'व्'सारखे व्यंजन मानले, तर व्यंजनापुढचा प्रत्यय गळण्याचा नियम लागू होईल आणि 'द्यौः'मधला विसर्गच जाईल. म्हणून तिथे मानायचे नाही. जागेचा अधिकार आदेशाला मिळतो, पण जुन्या अक्षरांचा मिळत नाही.

या अपवादापाशी आमचे सगळे म्हणणे येते. वर्गमूळ काढणारे फंक्शन बदलले, तर उत्तराची संख्या तीच येते ना, एवढे पाहून बहुधा निभावते. पण ज्या फंक्शनचे फळच अक्षरे आहेत, त्याच्या पुढचा प्रत्येक विधी हा वर्णांवरचा विधी असतो. लांबी मोजणे, तुलना करणे, जोडणे, कापणे, क्रम लावणे, सगळे अक्षरांवर. म्हणून इथे 'ठेवा त्याच्या जागी हे' असे म्हणण्याची सोय नाही. कुठे म्हणता येईल, तर पुढे अक्षरांना कोणी हात लावणार नसेल तिथे. आणि अक्षरांना कोणी हातच लावणार नसेल, तर ती केली कशाला?

आता सल्ला तपासू. आयटूए काम झाल्यावर तयार मजकुराचा पत्ता परत देते. एसप्रिंटएफ किती अक्षरे लिहिली त्याचा आकडा परत देते. ज्याने आयटूएचे फळ थेट छपाईच्या फंक्शनला दिले होते, त्याने आत नुसते नाव बदलले तर छपाईला पत्त्याऐवजी तीन हा आकडा मिळतो, आणि मग ती तीन नंबरच्या घरात मजकूर शोधायला जाते. कंपायलर इथे इशारा देतो, तो वाचला तर बरे. दुसरे, जागा. टर्बो सी मध्ये पूर्णांक सोळा बिटांचा, म्हणजे सगळ्यात लांब मजकूर चिन्ह धरून सहा अक्षरांचा आणि शेवटची खूण, एकूण सात. लोकांनी सात-आठ घरांची ओळ राखून ठेवली होती. नव्या यंत्रावर पूर्णांक सहसा बत्तीस बिटांचा; त्याला बारा घरे लागतात. एसप्रिंटएफ राखीव जागा किती हे विचारत नाही, शेजारच्या घरात लिहीत सुटते. घरांची संख्या विचारणारे एसएनप्रिंटएफ १९९९ च्या प्रमाण रूपात आले. सल्ला द्यायचाच तर निदान त्याचे नाव घ्या की!

तिसरी गोष्ट पायाची. आयटूएला तिसरा आकडा द्यावा लागतो, कोणत्या पायात लिहायचे तो: दहा, सोळा, दोन, काहीही. एसप्रिंटएफला दहा, आठ आणि सोळा येतात. दोन येत नव्हता, तो सी-तेवीस या प्रमाण रूपात आला. मग लोक दोनच्या पायासाठी दुसऱ्या भाषेत जातात, आणि तिथे खरी गंमत आहे. उणे पाच घ्या. टर्बो सीचे आयटूए दोनच्या पायात लिहिते: तेरा वेळा एक, मग शून्य, मग दोनदा एक. म्हणजे पेटीतली खूण जशीच्या तशी. जावास्क्रिप्ट लिहिते: उणे, एक-शून्य-एक. म्हणजे संख्येचे चिन्ह आणि तिचा आकार. पायथन त्यातच मध्ये शून्य आणि 'बी' ही दोन अक्षरे घालते. बरोबर कोण? सगळेच. एकाने विचारले 'पेटीत काय आहे?', दुसऱ्याने विचारले 'संख्या कोणती आहे?' जावाने इथे शहाणपण केले आहे, दोन प्रश्नांना दोन वेगळी फंक्शने ठेवली आहेत. आयटूएने मात्र एकाच नावाखाली दोन्ही कोंबले: दहाच्या पायात संख्या सांगायची, बाकीच्या पायांत पेटी दाखवायची. स्थानीतच दुहेरी अर्थ असेल तर आदेश कोणत्या अर्थाचा आणणार?

फ्रेगेला हे ऐकून फार राग आला असता. १८८४ च्या अंकगणितावरच्या पुस्तकात आणि पुढच्या ग्रंथांत त्याने एक लढाई सतत लढली: संख्या म्हणजे कागदावरची खूण नव्हे. खूण खोडली तरी संख्या खोडली जात नाही. तत्त्व म्हणून आम्ही त्याच्याच बाजूचे. पण संख्येचा मजकूर झाल्याच्या क्षणानंतर, प्रोग्रॅमच्या जगात, फ्रेगेच्या विरोधकांचे पारडे जड होते. तिथे खूण हीच वस्तू. पुढच्या फंक्शनला ४१७ ही संख्या माहीत नसते, त्याच्या हाती तीन अक्षरे असतात. किंवा चार.

हो, चार. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या बेसिकपासून 'स्ट्र' या फंक्शनची एक सवय आहे. ऋण संख्येपुढे ते उणे चिन्ह लावते, आणि धन संख्येपुढे त्या चिन्हाची जागा मोकळी सोडते. ४१७ चा मजकूर म्हणजे एक रिकामी जागा आणि मग चार-एक-सात. छापील स्तंभात आकडे नीट खाली खाली यावेत, अशी ती सोय. 'सी-स्ट्र' नावाचे दुसरे फंक्शन ही जागा सोडत नाही. सी-शार्पमध्ये गेलात आणि 'टूस्ट्रिंग' लिहिलेत, तर तेही सोडत नाही.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याने एका लहान पतसंस्थेचे काम घेतले होते. व्हिज्युअल बेसिक सहामधला जुना प्रोग्रॅम सी-शार्पमध्ये आणायचा. जुन्या प्रोग्रॅमने सभासदाचा क्रमांक असा केला होता: आधी एक अक्षर, मग 'स्ट्र'ने केलेला आकडा. म्हणजे 'एस', रिकामी जागा, ४१७. पंधरा-वीस वर्षांच्या नोंदी त्याच रूपात साठलेल्या. कागदावर ती मोकळी जागा मुद्दाम सोडल्यासारखी दिसायची, सुबक. नव्या प्रोग्रॅमने क्रमांक केला 'एस४१७' आणि शोधायला गेला. सभासद सापडला नाही. ठेव आहे, पैसे तिजोरीत आहेत, पावती त्या बाईंच्या हातात आहे, आणि खिडकीमागचा मुलगा सांगतो, "मावशी, तुमचं नाव यात नाही." त्या बिचाऱ्या दोनदा परत गेल्या. यंत्राने कुठेही त्रुटी दाखवली नाही, कारण त्याच्या दृष्टीने काही चुकलेच नव्हते; त्याने विचारलेले अक्षर खरोखरच तिथे नव्हते. दुरुस्ती करताना त्या विद्यार्थ्यापुढे दोन वाटा होत्या: जुन्या सगळ्या नोंदींमधली जागा काढायची, की नव्या फंक्शनला जागा सोडायला लावायची. लोकांच्या घरातल्या पावत्यांवर जागा छापलेली होती, तरी त्याने नोंदींतली काढली, आणि शोधताना माणसाने जागा टाकली तरी चालेल असे केले. आमच्या मते योग्य केले. पण हा निर्णय होता, आणि तो माणसाने घेतला. तक्त्यात त्याला रकानाच नव्हता.

पायथनची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे नाव बदलले नाही आणि मजकूर बदलला. पायथन दोनमध्ये संख्येचा मजकूर करायची एक जुनी रीत होती, दोन उलट्या टिंबांत संख्या ठेवायची. पायथन तीनने ती काढून टाकली, आणि रूपांतराचे साधन तिच्या जागी 'रेप्र' हे फंक्शन बसवते. हे बसवणे चोख, कारण जुनी खूण त्याच फंक्शनचे टोपणनाव होती. पण शेजारी 'एसटीआर' आहे, त्याला साधनाने हात लावला नाही, नाव तेच आहे ना! पायथन दोनमध्ये 'एसटीआर' अपूर्णांकाचे बारा सार्थ अंक दाखवायचे. एक दशांश अधिक दोन दशांश: ०.३. आता तेच फंक्शन त्याच बेरजेचा मजकूर देते ०.३०००००००००००००००४. संख्या आधीही हीच होती. आधी तिच्यावर पांघरूण होते. हा बदल आम्हाला आवडतो, सत्याच्या बाजूचा आहे. तरी ज्याच्या फाइलींत ०.३ या मजकुराशी तुलना होत होती, त्याचे काय? न बदललेले नाव हाही एक आदेशच असतो, फक्त तो दिसत नाही.

अपूर्णांकाचा मजकूर किती लांब करावा, यावर १९९० साली गाय स्टील आणि जॉन व्हाइट यांनी मोलाचे काम प्रसिद्ध केले. त्यांची कसोटी अशी: जो मजकूर परत वाचला असता नेमकी तीच संख्या मिळेल, अशांपैकी सगळ्यात आखूड मजकूर छापा. त्याच परिषदेत विल्यम क्लिंगर यांचा लेख होता, मजकुरावरून संख्या अचूक कशी वाचावी यावर. लिहिणारा आणि वाचणारा एकाच मांडवात. आम्हाला हे फार अर्थपूर्ण वाटते, कारण या कसोटीत मजकूर बरोबर की चूक हे वाचणाऱ्यावरून ठरते. वाचणारा कोण हे न सांगता 'बरोबर मजकूर' असे काही नसते. 'आयटूएच्या जागी एसप्रिंटएफ' या ओळीत नेमका वाचणाराच गायब आहे.

कोबोलकडे वळू. कोबोलमध्ये आकडा कसा छापायचा याचे चित्र काढतात, म्हणूनच त्याला 'पिक्चर' म्हणतात. 'झेड' लिहिले तिथे पुढची शून्ये दाबली जातात, स्वल्पविराम काढला तिथे स्वल्पविराम पडतो. या चित्रात आपल्याला हवे तिथे स्वल्पविराम देता येतात. त्यामुळे लाख-कोटींचे गट करण्यात कोबोलला अडचण नव्हती: तीन अंक, मग दोन, मग दोन. १२,३४,५६७. या चित्रातले स्वल्पविराम जावाच्या 'डेसिमलफॉरमॅट'मध्ये जसेच्या तसे नेले तर ते स्वीकारते. हो, कुरकुर न करता स्वीकारते. आणि छापते १,२३४,५६७. कारण त्याच्या नियमात शेवटच्या स्वल्पविरामापासूनचे अंतर तेवढे धरले जाते, आधीचे स्वल्पविराम सोडून दिले जातात. हे त्याच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेले आहे, तेव्हा लपवाछपवी नाही. तरी आमची टीका इथे सगळ्यात कडक आहे. जे कळत नाही ते नाकारणे हा सभ्यपणा. ऐकल्यासारखे करून सोडून देणे ही बेपर्वाई. आयटूए निदान 'मी इथे नाही' असे ओरडून सांगते. लाखाचा स्वल्पविराम मुकाट गेला. तुम्ही म्हणाल, किंमत तर तीच राहिली. राहिली. पण तो आकडा धनादेशावर, पावतीवर, सात-बाराच्या बोजाच्या रकान्यात वाचणारा माणूस स्वल्पविरामांवरूनच लाख ओळखतो. बारा लाख चौतीस हजार, हे तो अंक मोजून ठरवत नाही.

आणि आता आपल्या घरची गोष्ट, मराठीची. जावास्क्रिप्टमध्ये संख्येचा मजकूर करायच्या दोन रीती आहेत. साधे 'टूस्ट्रिंग' आणि स्थानिक रूढी पाहणारे 'टूलोकेलस्ट्रिंग'. दुसऱ्याला 'मराठी, भारत' असे सांगितले की आजच्या ब्राउझरमध्ये १२,३४,५६७ असा मजकूर निघतो, लाखाच्या स्वल्पविरामासह आणि देवनागरी अंकांत. 'हिंदी, भारत' सांगितले तर लाखाचे गट तेच, पण ज्यांना आपण इंग्रजी अंक म्हणतो ते येतात. (इंग्रजी कसले, आपलेच, प्रवास करून परत आलेले, संविधानाच्या ३४३ व्या कलमातही ते भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप म्हणूनच आहेत. असो.) युनिकोडच्या भाषारूढींच्या संग्रहात मराठीसाठी देवनागरी अंक पहिल्या पसंतीचे मानले आहेत, म्हणून हे होते. पडद्यावर ते देखणे दिसते, आम्हाला त्याचा आनंद आहे. पण कोणी 'साध्याच्या जागी स्थानिक' अशी बदली सरसकट केली, आणि तो मजकूर पडद्याऐवजी दुसऱ्या प्रोग्रॅमकडे गेला, तर?

घरी करून बघण्यासारखा प्रयोग सांगतो. देवनागरीत 'एक' आणि 'दोन' ही अंकाक्षरे शेजारी लिहा, बारा. हा मजकूर चार भाषांना द्या आणि म्हणा, याची संख्या करा. पायथन म्हणते बारा. जावाचे 'पार्सइंट'ही म्हणते बारा. जावास्क्रिप्ट म्हणते, ही संख्याच नव्हे. आणि सीचे एटूआय, आमच्या नायकाचा तो प्रमाणित भाऊ, म्हणतो शून्य. बारा, बारा, संख्या नव्हे, शून्य. यातले 'संख्या नव्हे' हे उत्तर परवडले, निदान तिथे माणूस थांबतो. शून्य हे उत्तर पुढच्या बेरजेत निमूट मिसळून जाते. आणि रूपांतर करणाऱ्या तक्त्यात या चौघांना एका ओळीत बसवलेले असते.

म्हणून आम्ही सुचवतो की त्या तक्त्याला तिसरा रकाना काढा. त्यात एवढेच लिहा: हा मजकूर पुढे कोण वाचणार? माणूस वाचणार असेल तर लाखाचे स्वल्पविराम ठेवा, देवनागरी अंक ठेवा. यंत्र वाचणार असेल तर एकही जागा, एकही स्वल्पविराम नको, आणि स्थानिक रूढी स्पष्ट शब्दांत बंद करा. जावामध्ये 'स्ट्रिंग-फॉरमॅट' ती आपणहून पाहते, 'इंटिजर-टूस्ट्रिंग' पाहत नाही, हे लक्षात असू द्या. जुन्या नोंदींशी तुलना होणार असेल तर जुने फंक्शन चालवून त्याचा मजकूर अक्षर-अक्षर नव्याशी ताडून बघा: शून्य, उणे एक, सगळ्यात मोठी ऋण संख्या, आणि एक साधी धन संख्या, जिच्यापुढे जागा सुटते की नाही ते दिसेल.

एक अडचण मात्र या रकान्यालाही आहे. पाणीपट्टीच्या मराठी बिलावर ग्राहक क्रमांक देवनागरीत छापला, वाचणारा माणूस आहे म्हणून. तो माणूस बिल समोर ठेवून मोबाइलवर पैसे भरायला बसतो आणि मराठी कळफलकावरून तेच अंक टंकतो. आता वाचणारे यंत्र झाले, आणि मध्ये फक्त स्वयंपाकघरातले टेबल आहे. अशा मजकुराच्या पुढे तिसऱ्या रकान्यात दोन्ही नावे लिहावी लागतील, आणि पलीकडच्या टोकाला शून्य म्हणणारे फंक्शन नाही ना, हेही पाहावे लागेल.

वीस मिनिटे उरली आहेत. मागच्या रांगेतल्या हातापासून प्रश्न घेऊ.